ओल्या कचऱ्यातून हायड्रोजन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मुंबईतल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत जिवाणूंकडून हायड्रोजन काढण्याचं काम करते. सोसायटीची सभा असो, एखाद्या हॉटेलमालकाचं गल्ल्यामागचं ऑफिस असो, की जानेवारीतलं विज्ञान प्रदर्शन, प्रश्न तेच येतात. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते.

कचऱ्यातून हायड्रोजन निघतो म्हणजे नक्की काय होतं?

शिळा भात, पाव, बटाटा, केळ्याची सालं असा पिठूळ-गोड कचरा बंद भांड्यात हवा न लागू देता ठेवला की क्लॉस्ट्रिडियमसारखे जिवाणू त्यातली साखर फोडायला लागतात. साखर फोडताना त्यांच्या हाती जादा इलेक्ट्रॉन उरतात. आपले जादा इलेक्ट्रॉन आपण ऑक्सिजनच्या गळ्यात मारतो, श्वास घ्यायचा तो त्यासाठीच. या जिवाणूंना ऑक्सिजन मिळत नाही. मग हायड्रोजिनेज नावाचं विकर ते इलेक्ट्रॉन पाण्यातल्या प्रोटॉनवर चढवतं आणि हायड्रोजन वायू सुटतो. सोबत कार्बन डायऑक्साइड निघतो आणि भांड्यात आम्लं साठतात: ॲसेटिक, म्हणजे व्हिनेगरमधलं, आणि ब्युटिरिक, म्हणजे खवट लोण्यातलं. या सगळ्याला उजेड लागत नाही, म्हणून नाव डार्क फर्मेंटेशन.

हे काही परग्रहावरचं नाही. ज्यांना दूध पचत नाही त्यांच्या आतड्यात न पचलेल्या दुधातल्या साखरेवर जिवाणू हेच करतात. डॉक्टर अशा माणसाला फुंकायला लावून श्वासातला हायड्रोजन मोजतात, त्या तपासणीचा आधार हाच.

इडलीचं पीठ रात्रभर फुगतं. त्यातही हायड्रोजन असतो का?

नाही. माटुंग्यात एका काकूंनी हे विचारलं तेव्हा सगळे हसले, पण त्या दिवशीचा सर्वांत मुद्द्याचा प्रश्न तोच होता. इडलीचं पीठ फुगवतात ते ल्युकोनोस्टॉकसारखे लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू. त्यांचा वायू म्हणजे कार्बन डायऑक्साइड. हायड्रोजन करायचं विकरच त्यांच्याकडे नाही.

आणि हेच आमचे मोठे वैरी. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात ते आधीच बसलेले असतात, क्लॉस्ट्रिडियम जागं होईपर्यंत साखर फस्त करून भांडं आंबट करून टाकतात. मे महिन्यात सकाळी गोळा केलेला हॉटेलचा कचरा दुपारी प्रयोगशाळेत पोचेपर्यंत दह्यासारखा आंबलेला असतो. मुंबईत कचरा ताजा मिळणं हीच अर्धी लढाई आहे.

मग यात आणि गोबरगॅसमध्ये फरक काय?

गोबरगॅसच्या टाकीत साखळी असते. आधी मोठे रेणू तुटतात, मग त्यांची आम्लं होतात, मग ॲसेटिक आम्ल आणि हायड्रोजन, आणि शेवटी मिथेन करणारे जीव येऊन हे सगळं खातात. म्हणजे प्रत्येक गोबरगॅसच्या टाकीत हायड्रोजन तयार होतच असतो, फक्त तो बाहेर यायच्या आत खाल्ला जातो. आम्ही एवढंच करतो की या शेवटच्या पाहुण्यांना पंगतीला बसू देत नाही.

त्याच्या तीन युक्त्या आहेत. शेण किंवा सांडपाण्याचा गाळ अर्धा-एक तास उकळायचा. मिथेनवाले मरतात, क्लॉस्ट्रिडियम मात्र बीजाणू करून टिकतं, गार झालं की उठतं. दुसरं, पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, ५ ते ६ च्या दरम्यान ठेवायचा, कारण मिथेनवाल्यांना ७ च्या आसपासच बरं वाटतं. तिसरं, माल टाकीत फार वेळ राहू द्यायचा नाही. मिथेनवाले सावकाश वाढतात, त्यामुळे काही तासांत किंवा दिवसाभरात टाकीतला माल बदलत राहिला तर ते वाहून जातात. गोबरगॅसला हेच काम करायला आठवडे लागतात.

मुंबईला या विद्येचा जुना शेजार आहे, तो फार कुणाला माहीत नसतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात मैल्याच्या टाक्यांतला वायू गोळा करून वापरला जात होता. खादी ग्रामोद्योग आयोगाचं तरंगत्या टोपीचं गोबरगॅस संयंत्र गावोगाव गेलं, त्या आयोगाचं मुख्यालय विलेपार्ल्यात आहे. आणि भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ‘निसर्गऋण’ संयंत्रातही दोन टाक्या असतात: पहिलीत माल हवेवर, गरम पाण्यात पचतो, दुसरीत मिथेन होतो. पहिल्या टाकीतून तिथे हायड्रोजन गोळा करत नाहीत, पण दोन कामांना दोन टाक्या हा विचार तोच.

शंभर किलो कचऱ्यातून किती हायड्रोजन मिळतो?

इथे बरेच लोक नाराज होतात, म्हणून हिशोब उघडा मांडते.

कागदावर एक किलो शुद्ध ग्लुकोजपासून, सगळं ॲसेटिकच्या वाटेने गेलं तर, सुमारे ५०० लिटर हायड्रोजन निघतो. वजनात ४४-४५ ग्रॅम. ब्युटिरिकच्या वाटेने गेलं तर त्याच्या निम्मा. प्रत्यक्षात दोन्ही वाटा एकदम चालू असतात, शिवाय जिवाणू थोडी साखर स्वतःच्या वाढीसाठी घेतात.

आता खरा कचरा. शंभर किलो ओल्या कचऱ्यात ७०-८० किलो निव्वळ पाणी. उरलेल्यातली राख वगळली की सेंद्रिय भाग २० ते २२ किलो. त्यातल्या दर किलोमागे ६० ते १०० लिटर हायड्रोजन मिळाला तर चांगला दिवस समजायचा. म्हणजे १२०० ते २२०० लिटर, वजनात ११० ते २०० ग्रॅम. स्वयंपाकाच्या गॅसच्या भाषेत पाव ते अर्धा किलो. सिलिंडरमध्ये १४.२ किलो असतो हे लक्षात घ्या.

तोच कचरा बरा चालणाऱ्या बायोगॅस संयंत्राला दिला तर ४ ते ६ किलो सिलिंडर-गॅसच्या तोडीचं मिथेन मिळतं.

आणखी एक हिशोब, मुलांना आवडतो म्हणून. टोयोटाच्या हायड्रोजनवर चालणाऱ्या नव्या मिराई गाडीच्या टाक्यांत ५.६ किलो हायड्रोजन मावतो. एकदा टाकी भरायची तर साधारण तीन ते पाच टन ओला कचरा लागेल.

इतका कमी? मग बाकीची ऊर्जा जाते कुठे?

आंबट पाण्यात. या सगळ्या प्रकरणात लक्षात ठेवण्यासारखी हीच गोष्ट आहे आणि विकायला येणारे हीच सांगत नाहीत.

ग्लुकोजच्या एका रेणूत बारा रेणू हायड्रोजन देण्याइतकी ऊर्जा असते. जिवाणू जास्तीत जास्त चार देतात. म्हणजे सगळं ग्रहमान जुळून आलं तरी एक तृतीयांश. बाकीची दोन तृतीयांश ॲसेटिक आणि ब्युटिरिक आम्लांच्या रूपात टाकीतल्या पाण्यात विरघळलेली असते. शिवाय हे गणित फक्त साखरेचं. डाळीतली प्रथिनं, भज्यांचं तेल यांतून हायड्रोजन जवळजवळ मिळतच नाही, ते जसंच्या तसं पुढे जातं.

ते पाणी गटारात सोडलं तर प्रदूषण तेवढंच, फक्त पातळ झालेलं. मिठी नदीला आणखी एक पाहुणा. म्हणून कुणी हायड्रोजनचं संयंत्र घेऊन दारात आला तर पहिला प्रश्न हा विचारा: ‘आंबट पाण्याचं काय करता?’ त्यावर तो अडखळला तर चहा पाजून रवाना करा.

योग्य उत्तरं तीन-चार आहेत. सर्वांत व्यवहार्य म्हणजे दुसऱ्या टाकीत त्याचं मिथेन करणं. आम्लं आधीच तयार असल्यामुळे मिथेनवाल्यांचं काम सोपं होतं आणि दुसरी टाकी लहान चालते. दुसरं, त्यावर रोडोबॅक्टरसारखे जांभळे जिवाणू वाढवणं. ते उजेडात ॲसेटिक आम्लापासून पुन्हा हायड्रोजन काढतात. बाटलीत हे फार देखणं दिसतं, मोठ्या टाकीत उजेड आतपर्यंत पोचवणं महाग पडतं, आणि अमोनिया जरा वाढला की ते काम थांबवतात. अन्नाच्या कचऱ्यात अमोनिया असतोच. तिसरं, विजेचा हलका धक्का देऊन जिवाणूंकडूनच उरलेला हायड्रोजन काढून घेणं. पाणी फोडायला किमान १.२३ व्होल्ट लागतात, इथे त्याहून बऱ्याच कमी व्होल्टेजवर काम होतं. ही युक्ती २००५ च्या सुमारास पुढे आली, पण इलेक्ट्रोडची किंमत अजून अंगावर येते. आणि आम्लंच वेगळी करून विकणं हाही एक मार्ग आहे. पुढेमागे पैसा तिथेच असेल असं मला वाटतं.

मग हायड्रोजनचा हट्ट कशाला? मिथेनच करा की.

सोसायटीसाठी म्हणाल तर अगदी बरोबर. पण हायड्रोजन हे नुसतं जळण नाही, कच्चा माल आहे. चेंबूरच्या खत कारखान्यात अमोनियासाठी आणि माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत इंधनातलं गंधक काढायला तो रोज लागतो. म्हणजे मुंबईत हायड्रोजनचं गिऱ्हाईक आधीपासून बसलेलं आहे. नैसर्गिक वायूपासून तो करताना एक किलोमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

दुसरं कारण मिश्रणाचं. मिथेनमध्ये थोडा हायड्रोजन मिसळला की ज्वलन जास्त स्वच्छ होतं. १८ टक्के हायड्रोजन मिसळलेल्या सीएनजीला केंद्र सरकारने २०२० मध्ये वाहनांचं इंधन म्हणून मान्यता दिली. दोन टाक्यांच्या संयंत्रातून हायड्रोजन आणि मिथेन दोन्ही मिळतात, त्यामुळे असं मिश्रण जागेवरच होऊ शकतं. मला स्वतःला यात जास्त दम दिसतो, शुद्ध हायड्रोजनच्या गप्पांपेक्षा.

कोणता कचरा चांगला, कोणता वाईट?

एकेकाच्या आवडीनिवडी सांगते.

भात, पाव, चपाती, बटाटा: उत्तम. इराणी कॅफे आणि बेकऱ्यांतला उरलेला पाव तर सोनं, कारण स्टार्च आधीच भाजून मोकळा झालेला असतो. भाताची पेजही चांगली.

फळं: भायखळ्याच्या किंवा दादरच्या मंडईतली पिकून फुटलेली केळी, पपई, कलिंगडाची सालं छान चालतात. संत्री-मोसंब्याची सालं मात्र बेतानं. त्यांच्या तेलातलं लिमोनिन जिवाणूंना मारतं. ज्यूस सेंटरवाल्याने प्रेमाने दिलेली दोन पोती मोसंबीची सालं आम्ही एकदा टाकीत ढकलली आणि तीन दिवस टाकी मौनात गेली.

पनीर आणि चक्क्याचं पाणी: यात साडेचार-पाच टक्के दुधातली साखर असते. डेअऱ्यांना हे पाणी टाकायची पंचाईत, आम्हाला हवंहवंसं. फक्त ते लगेच आंबतं, तेव्हा त्याच दिवशी वापरायचं.

उसाच्या रसवंतीची चिपाडं: गोड वाटतात, पण गोडवा आधीच ग्लासात गेलेला असतो. उरतो तो चिवट तंतू.

तेलकट रस्सा, तळणीचं तेल: हायड्रोजनच्या टाकीत नको, मिथेनच्या टाकीत थोडं चालेल. लोणचं, पापड, सुक्या मासळीची धुवण: मीठ फार. अंड्याची टरफलं: हायड्रोजन शून्य, पण त्यातलं कॅल्शियम कार्बोनेट आंबटपणा थोडा सावरतं, म्हणून मी चुरा करून टाकते.

प्लास्टिकच्या पुड्या आणि रबर बँड यांबद्दल बोलत नाही, ब्लडप्रेशर वाढतं.

शेतातल्या कचऱ्याचं काय? तो तर कितीतरी जास्त आहे.

आहे, पण शेतातल्या काडीला कचरा म्हणताना मी दहादा विचार करते. पालघर-रायगडकडचा भाताचा पेंढा म्हणजे कुणाच्या तरी गाईची वैरण. उसाचा चोथा साखर कारखाने बॉयलरमध्ये जाळून वीज करतात. फुकट काही नसतं.

खरी अडचण लिग्निनची. काडीतली साखर सेल्युलोजमध्ये बांधलेली आणि त्यावर लिग्निनचं प्लास्टर. ते फोडायला सौम्य आम्ल, अल्कली किंवा दाबाखालची वाफ लागते. जास्त शिजवलं की फरफ्युरलसारखे पदार्थ तयार होतात आणि तेच पुढे जिवाणूंना बाधतात. आमटी लागली की जशी सगळी वाया, तसं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केपीआयटी कंपनीच्या सेंटिएंट लॅब्सबरोबर शेतीच्या अवशेषांपासून हायड्रोजन काढण्याच्या तंत्रावर काम केलं आहे, ते याच दिशेचं.

माझ्या मते शेताकडचा सोपा माल द्रवरूप आहे: मळी, डिस्टिलरीचं स्पेंट वॉश (अल्कोहोल काढल्यावर उरलेलं सांडपाणी), कोकणातल्या काजूची बोंडं, आंबा कॅनिंगमधल्या साली आणि धुवण. एक लिटर अल्कोहोलमागे ८ ते १५ लिटर स्पेंट वॉश निघतं. हे सगळं त्या-त्या कारखान्याच्या आवारातच आंबवावं. ट्रकमध्ये पाणी भरून मुंबईत आणण्यात डिझेल जाळायचं आणि त्यातून हायड्रोजन काढायचा, हा व्यवहार कुणाच्याच गणितात बसत नाही.

तबेल्यातलं शेण चालेल का?

विरजण म्हणून चालेल, दूध म्हणून नाही. म्हशीच्या पोटात साखर आधीच खाऊन झालेली असते. तिच्या कोठीपोटातही हायड्रोजन होतो आणि तिथले मिथेनवाले तो खातात, म्हणून गुरं ढेकरातून मिथेन सोडतात. शेण उकळून घेतलं की उत्तम विरजण मिळतं. आम्ही गोरेगावच्या एका तबेल्यातून आणतो, भैया अजून समजत नाही की शेण उकळून आम्ही काय शिजवतो.

देवनारच्या कचऱ्याच्या डोंगरातून निघतो तो वायू हाच का?

नाही, तो मुख्यतः मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड. १९२७ पासून कचरा पडतोय तिथे, मिथेनवाल्यांना वेळच वेळ मिळाला आहे. जानेवारी २०१६ मधली आग आणि शहरभर पसरलेला धूर आठवत असेलच.

आमच्या सोसायटीत हायड्रोजनचं संयंत्र बसवावं का?

आज तरी नको. २०१६ च्या घनकचरा नियमांनी दिवसाला १०० किलोहून जास्त कचरा करणाऱ्यांवर तो जागेवर जिरवायची जबाबदारी टाकली, तेव्हापासून असे फोन फार येतात. तुम्हाला कंपोस्ट किंवा बायोगॅस पुरेल. हाजीअलीजवळ २०२२ मध्ये हॉटेलांच्या ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस, त्यातून वीज आणि त्या विजेवर गाड्यांचं चार्जिंग असं केंद्र सुरू झालं, ते बघा. तेही बायोगॅसच आहे.

हायड्रोजनला वायू शुद्ध करणारी यंत्रणा लागते, कारण टाकीतून येतो त्यात निम्मा कार्बन डायऑक्साइड असतो, वर सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड. गाडीच्या फ्युएल सेलला, म्हणजे हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या यंत्राला, ९९.९७ टक्के शुद्ध लागतो. सेक्रेटरींनी पंप चालू करायला विसरू नये इथपासून सुरुवात असलेल्या सोसायटीला हे झेपणार नाही, रागावू नका.

धोका किती?

हवेत ४ ते ७५ टक्क्यांपर्यंत कुठल्याही प्रमाणात तो पेट घेतो. मिथेनची पट्टी ५ ते १५ टक्के. नायलॉनच्या कपड्यावरची चटचट ठिणगीसुद्धा पुरते. ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही, वासही नाही. जमेची बाजू एकच, हलका असल्यामुळे उघड्यावर झटकन वर निघून जातो. म्हणून छत बंद असलेल्या खोलीत, माळ्याखाली, मोरीत हे कधीच करायचं नाही. सिलिंडरमध्ये भरायचा विचारही नको. त्याला स्फोटक विभागाची परवानगी लागते आणि साधं पोलाद हायड्रोजनमुळे ठिसूळ होतं.

माझ्या मुलीला विज्ञान प्रदर्शनात करायचंय.

करू दे, अर्ध्या लिटरच्या बाटलीत, शिक्षकांसमोर, खिडकी उघडी ठेवून. उकळलेलं शेणाचं पाणी, भाताची पेज, चिमूटभर खाण्याचा सोडा. बाटली कोमट जागी ठेवायची. एप्रिल-मेमध्ये मुंबईची हवाच ३२-३३ अंशांची, जिवाणूंना ३५-३७ आवडतं, म्हणजे फार काही करावं लागत नाही. वायू आधी अल्कलीच्या द्रावणातून नेला की कार्बन डायऑक्साइड तिथे अडकतो. अल्कली शिक्षकांनीच हाताळावी. पुढे उपड्या मोजपात्रात पाणी किती खाली जातं ते बघायचं. काडी लावून ‘पॉप’ आवाज काढायचा मोह आवरायचा.

याला ग्रीन हायड्रोजन म्हणता येईल का?

येऊ शकतं. केंद्राच्या ऑगस्ट २०२३ च्या व्याख्येत बायोमासपासूनचा हायड्रोजनही धरला आहे, अट अशी की एक किलोमागे उत्सर्जन २ किलो कार्बन डायऑक्साइडइतक्याच्या वर जायला नको. मिश्रण ढवळणं, गरम करणं, शुद्ध करणं, सगळं त्यात मोजलं जातं. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १९,७४४ कोटींच्या राष्ट्रीय ग्रीन हायड्रोजन मोहिमेचा भर मात्र पाणी विजेने फोडण्यावरच आहे.

वास येतो का?

हायड्रोजनला नाही. ब्युटिरिक आम्लाला विचारू नका. एकदा नमुना सांडला, हात तीनदा धुतले, संध्याकाळची अंधेरी लोकल पकडली. चौथ्या सीटवर बसले, आणि दादरला आमच्या बाकावरच्या तिघी उठून दारात जाऊन उभ्या राहिल्या. त्या गर्दीत. घरी आईने विचारलं, ‘तूप कुठलं नासलं गं?’

सगळं बरोबर केलं तरी हायड्रोजन कमी का दिसतो?

आधी नळी बघा. आमच्याकडे एका वर्षी सलग तीन आठवडे आकडे पडत होते. विरजण बदललं, पीएचचा मीटर बदलला, विद्यार्थ्यांना बोलून घेतलं. शेवटी कळलं की वायू मोजायला लावलेली लांबलचक सिलिकॉनची नळीच हायड्रोजन गाळत होती. सिलिकॉनमधून हा वायू आरपार जातो, भोक असायची गरज नाही. नळी बदलली, तीही आधीच्या निम्म्या लांबीची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोजपात्रातलं पाणी तळाला गेलेलं होतं.